मजकुराच्या मैदानातली पहिली झुंज: ‘अकिया’मध्ये पीव्हीपी कसं सुरू करावं

‘अकिया’ या मजकुरावर चालणाऱ्या ऑनलाइन खेळातली माझी पहिली पीव्हीपी, म्हणजे खेळाडूविरुद्ध खेळाडू, झुंज चाळीस सेकंदांत आटोपली. समोरचा जुना गडी होता, त्याने मारलं यात नवल नव्हतं. पण मेल्यावरसुद्धा मला कळलं नव्हतं की मी नेमकी कशाने मेले. तब्येत निम्म्याहून जास्त होती, अर्काच्या कुप्या भरलेल्या होत्या, औषधं जवळ होती. तरी शेवटची दहा-बारा सेकंदं मी जी आज्ञा टाइप करेन तिला खेळ नकारच देत होता. खायला गेले तर घास उतरेना, मलम लावायला गेले तर अंगावर टिकेना, पाइप ओढायला गेले तर दम पुरेना.

झुंजीचा लॉग, म्हणजे पडद्यावर उमटलेल्या सगळ्या ओळींची नोंद, सेव्ह झाला होता. संध्याकाळी चहा घेऊन तो ओळीओळीने वाचायला बसले, तेव्हा लक्षात आलं की शेवटच्या साठ-सत्तर ओळींत करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी हरले होते ती ओळ पार वर होती, पहिल्या दहा सेकंदांतली. तिथे मला अस्थमा झाला होता आणि मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. मजकुराच्या खेळात माणूस मरतो एका ओळीवर आणि हरतो दुसऱ्या ओळीवर. ती दुसरी ओळ शोधायची सवय लावणं म्हणजे पीव्हीपी शिकणं, असं माझं ठाम मत आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

खेळ कोणता, ते आधी

इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 1978 मध्ये पहिला मड उभा केला. चित्र नाही, नुसता मजकूर, आणि एकाच जगात अनेक माणसं. तिथेही एक खेळाडू दुसऱ्याला मारू शकत होता. त्या परंपरेतला ‘अकिया’ 1997 मध्ये सुरू झाला आणि आजही चालू आहे. तो आयर्न रेल्म्स या कंपनीचा. ‘एटोलिया’ आणि ‘लस्टर्निया’ ही त्याची भावंडं. मी अकियामध्ये शिकले, म्हणून उदाहरणं तिथलीच देते. दुसऱ्या मडमध्ये नावं बदलतील, विचार करायची रीत बरीचशी कामाला येईल.

आज्ञा अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या असतात. इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी सगळं देवनागरीत लिहिलंय.

मैदानात उतरण्याआधी

कंपनीचा ब्राउझरमधला क्लायंट जग फिरायला पुरतो. लढायचं असेल तर मडलेट हा संगणकावर बसवायचा क्लायंट, म्हणजे मड खेळायचं सॉफ्टवेअर, उतरवून घ्या. तो फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो. त्यात पहिल्या दिवशी तीनच गोष्टी करा.

पहिली, लॉगिंग चालू करा. कायमचं. झुंज सुरू झाल्यावर लॉगची आठवण होत नाही.

दुसरी, रंग. मडलेटमध्ये ट्रिगर म्हणजे ‘अशी ओळ आली की असं कर’ ही सूचना. सुरुवातीला ट्रिगरकडून फक्त रंगकाम करून घ्या: माझ्यावर झालेली व्याधी (समोरच्याने लादलेलं दुखणं) लाल, बरी झालेली हिरवी, समोरच्याने काही खाल्लं, लावलं किंवा ओढलं की पिवळं. आपल्यापैकी बहुतेकांची शाळा मराठीतून झालेली असते आणि सेकंदाला पाच-सहा इंग्रजी ओळी वाचणं जड जातं. मलाही गेलं. मग समजलं की अमेरिकेतले खेळाडूसुद्धा त्या ओळी वाचत नाहीत. ओळीची लांबी, पहिला शब्द आणि रंग यांवरून ते ती ओळखतात, जशी आपण लांबून येणारी एसटी पाटी वाचण्याआधीच ओळखतो. चार-सहा आठवड्यांत ही ओळख बसते.

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही असेही अनेक खेळाडू हे खेळ स्क्रीन रीडर लावून खेळतात आणि भल्याभल्यांना लोळवतात. ते रंगाऐवजी आवाज लावतात: अस्थमाला एक टिंग, पॅरालिसिसला वेगळा ठोका. डोळे शाबूत असले तरी ही युक्ती उचलण्यासारखी आहे. मी दोन व्याधींना आवाज लावलेत आणि त्यांनी माझे कित्येक जीव वाचवलेत.

तिसरी गोष्ट, हाताखालच्या कळा. पळून जाण्याच्या दिशा नंबरपॅडवर ठेवा. कवच आणणारी ‘टच शील्ड’ ही आज्ञा एका कळीवर, व्याधी घालवणारी ‘टच ट्री’ दुसऱ्या कळीवर. घाबरलेली बोटं स्पेलिंग चुकवतात.

इंटरनेटचं म्हणाल तर माझ्याकडे पिंग, म्हणजे आज्ञा सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, दोन-अडीचशे मिलिसेकंद असतो आणि तेवढ्यावर मी आरामात लढते. वाय-फाय मध्येच गचके खात असेल तर मात्र तार लावा. एकसारखा उशीर चालतो, लहरी उशीर चालत नाही. वेळेचाही हिशोब बघा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेपाच किंवा साडेसहा झालेले असतात. सरावाला माणसं हवी असतील तर पहाटे उठा.

एकाच वेळी चालणारी घड्याळं

अकियामध्ये हल्ला केला की तुमचा बॅलन्स जातो किंवा इक्विलिब्रियम जातं. ढोबळमानाने शस्त्र, हात-पाय वापरले की बॅलन्स आणि मन, मंत्र वापरले की इक्विलिब्रियम. ते परत येईपर्यंत पुढचा हल्ला नाही. हे कुणीही दोन दिवसांत शिकतं.

नवखे अडखळतात ते पुढच्या गोष्टीवर. बरं होण्याची घड्याळं हल्ल्यापासून वेगळी चालतात, आणि तीही एकमेकांपासून वेगळी. वनस्पती खाण्याचं एक. मलम लावण्याचं दुसरं. पाइप ओढण्याचं तिसरं. तब्येतीचा किंवा ‘माना’चा, म्हणजे मंत्रशक्तीचा, अर्क पिण्याचं चौथं. शिवाय ‘फोकस’, म्हणजे मन एकाग्र करून मनाच्या काही व्याधी घालवणं, आणि ‘ट्री’ नावाचं गोंदण, ज्याला हात लावला की एखादी व्याधी निघून जाते. ट्री पुन्हा वापरण्याजोगं व्हायला बराच वेळ लागतो, वनस्पती मात्र दोन सेकंदांच्या आत परत खाता येते.

चार शेगड्यांच्या ओट्यासमोर उभं राहिल्यासारखं समजा. एका शेगडीवर भात शिजत असताना दुसरी मोकळी असेल तर तिच्यावर आमटी चढवायची. भाताकडे बघत थांबलात तर जेवायला उशीर होणारच. नवखा माणूस केल्प ही वनस्पती खातो आणि वाट बघतो. मुरलेला माणूस केल्प खातानाच मलम लावतो, पाइप ओढतो, अर्क पितो आणि वर वारही करतो.

हे सगळं हाताने करायचं नसतं. अकियामध्ये सर्व्हरच तुमच्यासाठी औषधं घेतो. ‘क्युरिंग ऑन’ म्हटलं की झालं. जुन्या काळी प्रत्येकाला ही यंत्रणा स्वतः लिहावी लागे किंवा कुणाकडून मिळवावी लागे, आणि त्या भिंतीवर आपटून कितीतरी चांगली माणसं लढणं सोडून गेली. आता ती भिंत नाही. पण कोणती व्याधी आधी बरी करायची हे सर्व्हरला तुम्ही सांगायचं असतं आणि खरं कौशल्य तिथेच आहे. मूळ क्रमवारीवर काही काळ चालतं, मुरलेल्या माणसासमोर चालत नाही. त्याला ती क्रमवारी तुमच्यापेक्षा चांगली पाठ असते.

कोणत्या दुखण्याला कोणतं औषध

सगळी यादी पाठ करायला बसू नका. मी बसले होते, चौथ्या दिवशी सोडून दिलं. एवढी मात्र डोक्यात पक्की हवीत.

केल्प खाल्लं की अस्थमा, क्लम्झिनेस, वीअरिनेस, सेन्सिटिव्हिटी, हायपोकॉन्ड्रिया यांपैकी एक जातं. एकच. हे ‘एकच’ दोनदा वाचा, पुढे लागणार आहे. ब्लडरूटने पॅरालिसिस किंवा स्लिकनेस जातो. गोल्डनसीलने इम्पेशन्स, स्टुपिडिटी, डिझिनेस, एपिलेप्सी. जिनसेंगने नॉशिया, ॲडिक्शन, हीमोफिलिया, लेथर्जी. एपिडर्मल मलमाने ॲनोरेक्सिया. व्हॅलेरियनचा धूर घेतला की स्लिकनेस. मोडलेल्या हातापायाला मेंडिंग, जास्त खराब झालेल्याला रिस्टोरेशन.

बाजारात हीच औषधं खनिजरूपातही मिळतात: केल्पच्या जागी ऑरम, ब्लडरूटच्या जागी मॅग्नेशियम, गोल्डनसीलच्या जागी प्लंबम. परिणाम तोच. जे स्वस्त मिळेल ते भरून ठेवा, फक्त लॉग वाचताना दोन्ही नावं ओळखता आली पाहिजेत.

आणि पाइप पेटवून ठेवा. साधे पाइप काही वेळाने विझतात. माझ्या दुसऱ्या झुंजीत व्हॅलेरियन भरलेला होता, पाइप विझलेला होता आणि मला पत्ता नव्हता.

कुलूप

पहिल्या झुंजीत माझा खेळ याच कुलपाने संपवला होता. अकियातल्या लढाईचं सगळं सौंदर्य मला इथे दिसतं, म्हणून जरा सावकाश सांगते.

शरीरात औषध जायचे मुख्य रस्ते तीन: तोंड, कातडी, फुप्फुसं. ॲनोरेक्सिया झाला की खाणं-पिणं बंद. स्लिकनेस झाला की मलम घसरून जातं. अस्थमा झाला की धूर घेता येत नाही.

आता या तिघांची औषधं बघा. ॲनोरेक्सियाला मलम लागतं, मलम स्लिकनेसने अडवलंय. स्लिकनेसला व्हॅलेरियनचा धूर किंवा ब्लडरूट लागतं, धूर अस्थमाने अडवलाय आणि खाणं ॲनोरेक्सियाने. अस्थमाला केल्प लागतं, तेही खायचंच आहे. प्रत्येक दाराची किल्ली दुसऱ्या बंद दारामागे. तीन व्याधी एका वेळी अंगावर असल्या की याला सॉफ्ट लॉक म्हणतात.

अजून दोन फटी उरतात. फोकस केला तर ॲनोरेक्सिया जाऊ शकतो. ट्रीला हात लावला तर नशिबाने काहीतरी निघू शकतं. म्हणून मुरलेला गडी इम्पेशन्स देऊन फोकस बंद करतो आणि पॅरालिसिस देऊन ट्री. पाचही एकत्र झाले की ते पक्कं कुलूप. काही वर्गांकडे (वर्ग म्हणजे पात्राचा लढण्याचा प्रकार) ‘फिटनेस’ असतो, तो औषधाविना अस्थमा घालवतो, म्हणून त्यांच्यासाठी वीअरिनेस वर चढवतात. मग सावकाश मारलं तरी चालतं.

एखादी संध्याकाळ कागद घेऊन बसा आणि हे कुलूप स्वतःच्या हाताने काढा. पाच चौकोन, कोण कोणाला अडवतं त्याचे बाण. मी माझ्या भाचीला हे काढून दाखवलं. ती खेळत नाही, तरी तिने लगेच विचारलं, “मग तीनच्या आधी दोन असतात तेव्हाच का नाही सोडवायचं?” शंभर टक्के बरोबर प्रश्न. बचावाचं सगळं शास्त्र त्या प्रश्नात आहे.

कारण कुलूप एकदम पडत नाही. आधी अस्थमा रुजवावा लागतो. अस्थमा नसताना स्लिकनेस दिला तर तुम्ही व्हॅलेरियन ओढून मोकळे. अस्थमा टिकवण्यासाठी समोरचा दोन गोष्टी करतो. एक, केल्पने बऱ्या होणाऱ्या व्याधींचा ढीग घालतो: अस्थमा, क्लम्झिनेस, वीअरिनेस, सेन्सिटिव्हिटी. एका केल्पने एकच जाते, म्हणजे तुम्ही खात राहता आणि अस्थमा तिथेच. दोन, परत परत पॅरालिसिस देतो. पॅरालिसिस असताना तुम्हाला वारही करता येत नाही आणि हलताही येत नाही, म्हणून तुमची यंत्रणा प्रत्येक घास ब्लडरूटवर घालवते आणि केल्पची पाळीच येत नाही. असा पाया घातला की एका फटक्यात स्लिकनेस आणि ॲनोरेक्सिया. दार बंद.

माझ्या पहिल्या झुंजीच्या लॉगमध्ये हे जसंच्या तसं आहे. नवव्या सेकंदाला अस्थमा. पुढच्या पाच वारांत चार वेळा पॅरालिसिस. मी पाच घास खाल्ले: चार ब्लडरूट, एक केल्प, आणि त्या केल्पने गेला क्लम्झिनेस. मग दोन ओळी लागोपाठ, आणि संपलं. पॅरालिसिसच्या भीतीने मी अस्थमाला वाढू दिलं होतं.

तेव्हा बचावाचा पहिला नियम: अस्थमा आणि केल्पची आणखी एखादी व्याधी सोबत दिसली की धोक्याची घंटा. अशा वेळी क्रमवारीत अस्थमा पॅरालिसिसच्या वर घ्या, एक-दोन वार न करता गेले तरी चालतील. ही बदली मी एका कळीवर ठेवली आहे. एक कळ दाबली की अस्थमा वर, परत दाबली की मूळ क्रम.

दुसरा नियम त्याहून सोपा आणि नवख्यांना त्याहून नकोसा: खोली सोडा. बहुतेक हल्ले एकाच खोलीत असतानाच चालतात. पॅरालिसिस नसेल त्या क्षणी पूर्वेला दोन खोल्या जा, तीन घास खा, परत या. यात लाज नाही. मैदानात कुणीही हसत नाही, उलट अवेळी पळालात तर कधी पळायचं हेही शिकवतात.

आता सराव: एक महिना मारू नका

लोक ऐकत नाहीत, तरी सांगते. पहिला महिना वार करायला शिकू नका. तुमच्या शहराच्या, अकियातल्या शहराच्या, खेळाडूंमध्ये लढणारं कुणीतरी असतंच. त्याला विचारा, “मला रिंगणात पाच मिनिटं मारशील का? मी फक्त बचाव करेन.” नाही म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. उलट जुन्या खेळाडूंना नव्याची भूक असते. तेच तेच चेहरे बघून तेही कंटाळलेले असतात. रिंगणात मेलात तर अनुभवाचे गुण कमी होत नाहीत, म्हणून मरायला ती जागा उत्तम.

आधी अंगावर बचाव चढवा, म्हणजे ‘डेफ अप’ व्हा. स्कलकॅप ओढलं की थोड्या वेळाने रिबाउंडिंग उभं राहतं आणि शस्त्राचा वार मारणाऱ्यावरच उलटतो. शील्ड गोंदणाला हात लावला की कवच येतं, तुम्ही वार केलात की ते जातं. सगळ्यात गमतीची सवय म्हणजे मुद्दाम आंधळं आणि बहिरं होणं. बेबेरी खाऊन दृष्टी घालवायची, हॉथॉर्न खाऊन कान, आणि माइंड्सआय गोंदणाने तरीही सगळं दिसत-ऐकत राहायचं. बघण्या-ऐकण्यावर चालणारे हल्ले मग लागतच नाहीत. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी थक्क झाले होते. मजकुराच्या जगात आंधळा माणूस जास्त सुरक्षित असतो, आणि ते खेळाच्या नियमांत इतकं सहज बसतं.

मग उभं राहा, राहा आणि राहा. पहिल्या दिवशी चाळीस सेकंद, पुढे सव्वा मिनिट, दोन मिनिटं. प्रत्येक वेळी लॉग वाचून एकच बदल करा. दोन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. मला पाच मिनिटं टिकायला सव्वीस दिवस लागले.

मग वार

वर्ग कोणता घ्यावा यावर लोक आठवडे घालवतात. जो फिरायला, शिकारीला आवडतो तोच ठेवा. सहा महिने एकच वर्ग. मी सर्पंट खेळते, म्हणून तिथलं सांगते.

सर्पंटच्या हातात कट्यार असते आणि एका वारात ती दोन विषं देते, डबलस्टॅब. क्युरारेने पॅरालिसिस, काल्मियाने अस्थमा, झेन्टिओने क्लम्झिनेस, व्हर्नेलियसने वीअरिनेस, गेकोने स्लिकनेस, स्लाइकने ॲनोरेक्सिया. या सहा विषांवर महिनाभर काढता येतो. पन्नास गोष्टी अर्धवट जमण्यापेक्षा सहा गोष्टी झोपेतून उठवलं तरी जमल्या पाहिजेत.

सुरुवातीचा माझा साचा असा: पहिला वार काल्मिया-झेन्टिओ. दुसरा क्युरारे-व्हर्नेलियस. तिसऱ्यापासून क्युरारे कायम आणि दुसरं विष केल्पच्या व्याधींपैकी जी बरी झाली असेल ती परत देणारं. समोरच्याच्या अंगावर अस्थमा खात्रीने आहे असं वाटलं की गेको-स्लाइक. इम्पेशन्ससाठी सर्पंटला संमोहन वापरावं लागतं, त्याच्या सूचना झुंजीच्या वेळीच गुपचूप पेरायच्या असतात. पण ते दुसऱ्या महिन्यात.

अडचण एका शब्दात आहे: खात्रीने. त्याच्या अंगावर काय आहे हे खेळ तुम्हाला सांगत नाही.

समोरच्याच्या घासावर नजर

त्याने काय खाल्लं हे मात्र दिसतं. ही पिवळी ओळ झुंजीतली सगळ्यात मोलाची ओळ आहे. तुम्ही अस्थमा आणि क्लम्झिनेस दिलेत आणि त्याने केल्प खाल्लं. दोघांपैकी एक गेलं. कोणतं? त्याने पाइप ओढला तर अस्थमा गेला, कारण अस्थमा असताना ओढताच येत नाही. त्याचा वार अचानक चुकून भलतीकडे गेला तर क्लम्झिनेस अजून आहे. फोकस केला तर इम्पेशन्स नाही. ट्रीला हात लावला तर पॅरालिसिस नाही. प्रत्येक कृती म्हणजे त्याने नकळत दिलेली कबुली.

सुरुवातीला हा हिशोब वहीवर करा, झुंजीनंतर, लॉग समोर ठेवून. उजवीकडे तुम्ही दिलेल्या व्याधी, डावीकडे त्याने घेतलेली औषधं. पंधरा-वीस लॉग असे सोडवले की डोकं आपोआप मोजायला लागतं. मग मडलेटमध्ये लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेत छोटा मोजणारा लिहा किंवा कुणाचा तयार घ्या. आधी वही, मग लुआ. उलट केलंत तर तयार मोजणारा चुकला की तुम्हाला कळणारच नाही.

खोट्या ओळी

सर्पंट भ्रम रचू शकतो. म्हणजे तुमच्या पडद्यावर तो खोटी ओळ पाठवतो. खेळच मजकुराचा, त्यामुळे खोटी ओळ खऱ्या ओळीसारखीच दिसते. तुमचा ट्रिगर तिला फसतो, नसलेल्या व्याधीसाठी घास वाया घालवतो आणि खरी व्याधी तशीच राहते. चित्रांच्या खेळात याला तोड नाही.

सर्व्हरकडून औषधं घेत असाल तर हा धोका बराच कमी होतो, कारण तुमच्या अंगावर खरं काय आहे ते सर्व्हरला ठाऊक असतं. शिवाय व्याधींची यादी जीएमसीपी नावाच्या वेगळ्या वाहिनीवरून मडलेटला मिळते, ती मजकुरात मिसळत नाही. तुमचे ट्रिगर रंगकामाच्या पुढे जायला लागले की त्यांना ओळीऐवजी या वाहिनीवर बसवा. तोवर एक साधी खूण पुरे: एखादी ओळ वाचून दचकलात तर प्रॉम्प्टकडे, म्हणजे तुमच्या तब्येतीचे आकडे दाखवणाऱ्या ओळीकडे, बघा, तिथे आकडा हलला नसेल तर शंका घ्या.

हातपाय मोडणारे

माँक, ब्लेडमास्टर वगैरे वर्ग व्याधींपेक्षा अवयवांवर खेळतात. एकेका पायाला, हाताला जखम साठवत नेतात आणि एका क्षणी दोन्ही पाय मोडून तुम्हाला आडवं करतात. यांच्यासमोर दोन गोष्टी: कोणत्या अवयवावर किती वार पडले ते मोजा आणि जो मोडायला आलाय तो पॅरी करून, म्हणजे त्यावरचा वार अडवून, झाका. रिस्टोरेशन लावल्यावर परिणाम व्हायला काही सेकंद जातात, म्हणून मोडल्यावर नव्हे, मोडायच्या आधी लावायची वेळ साधावी लागते. हा वेगळा अभ्यास आहे, कुलूप पुरतं समजल्याशिवाय त्याच्या मागे लागू नका.

रिंगणाबाहेर

मोकळ्या जगात कुणालाही कारणाशिवाय मारायचं नसतं. ‘हेल्प पीके’ हे खेळाडूंना मारण्याच्या नियमांचं मदतीचं पान पूर्ण वाचा, दोनदा. ज्याला विनाकारण मारलंत तो तुमच्या नावाने मारेकऱ्यांकडे करार देऊ शकतो आणि ते लोक फार मुरलेले असतात. शहराच्या शत्रूंशी, छाप्यांत, खुल्या लढाईच्या प्रदेशांत कारण आपोआप मिळतं. तिथे सुरुवातीला गटातच जा, पुढारी ज्याचं नाव घेईल त्यालाच मारा, बाकी काही सुचत नसेल तरी एवढं पुरतं.

यंत्रणा लावून औषधं घेणं, ट्रिगर चालवणं चालतं. खुर्ची सोडून जाऊन पात्राला आपोआप खेळत ठेवणं चालत नाही, शिक्षा होते.

पैशांबद्दल स्पष्ट बोलते. खेळ फुकट आहे, पण क्रेडिट (खेळातलं चलन) विकत घेऊन धडे आणि आर्टिफॅक्ट, म्हणजे खास शक्तीच्या वस्तू, घेता येतात, आणि आर्टिफॅक्टचा फरक पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही पाच मिनिटं टिकता येण्याआधी एक रुपयाही घालू नका. विकत घेतलेल्या वस्तूने तुमचा अस्थमा दिसत नाही. घालायचेच असतील तर आधी धडे, वर्गाची कौशल्यं पूर्ण करण्यासाठी. दागिने नंतर.

हरल्यावर समोरच्याला एक वाक्य लिहा: मी नेमकी कुठे हरले? मला मारलेल्या माणसांनी जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही मदतीच्या पानाने शिकवलं नाही. त्या पहिल्या झुंजीतल्या गड्याने मला उत्तरात फक्त तीन शब्द पाठवले होते, केल्प, केल्प, केल्प. तेव्हा काही कळलं नाही. संध्याकाळी लॉग वाचला तेव्हा कळलं.

वहीतलं पान

माझ्याकडे शंभर पानी वही आहे, प्रत्येक झुंजीला चार रकाने. तारीख. कोणता वर्ग. किती सेकंद टिकले. आणि चौथा, सगळ्यात रुंद: हरले ती ओळ. मेले ती नव्हे, हरले ती. पहिली काही पानं एकाच शब्दाने भरलेली आहेत, अस्थमा, अस्थमा, पाइप विझलेला, अस्थमा. मग पॅरालिसिस येतो, कारण अस्थमाला घाबरून मी अस्थमाच क्रमवारीत फार वर नेऊन ठेवला होता आणि महिनाभर मला वारच करता येत नव्हते. मग पॅरी चुकली, खोली सोडली नाही, उशिरा सोडली.

मागच्या रविवारी सकाळी सहाला त्याच गड्याशी परत रिंगणात उतरले. सहा मिनिटं दहा सेकंद. शेवटी त्यानेच मारलं. चौथा रकाना अजून रिकामा आहे, लॉग तीनदा वाचला तरी ओळ सापडलेली नाही. आज रात्री चौथ्यांदा वाचणार आहे.